हजार बूथच्या कार्ड-शोसाठी शहर कसं निवडायचं? हॉलच्या मागच्या दारापासून सुरुवात करा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही आणि तुमचे चार मित्र वर्षात पाच-सहा वेळा हॉटेलच्या बॉलरूममध्ये दीडशे टेबलांचा कार्ड-शो (बेसबॉलसारख्या खेळांच्या संग्राह्य कार्डांचं विक्री-प्रदर्शन) भरवता आणि तो बरा चालतो. आता हजार बूथचा, चार दिवसांचा, अमेरिकाभरातून लोक येतील असा शो करायचाय. शिकागो, लास व्हेगास, डॅलस आणि अटलांटिक सिटी ही चार नावं काढली आहेत आणि यातलं "सगळ्यांना मध्यवर्ती" कुठलं ते हवंय. वर एक टोमणाही आहे: नॅशनल, म्हणजे या छंदाचं दरवर्षीचं देशव्यापी मोठं प्रदर्शन, सारखं सारखं शिकागोजवळच्या रोझमाँटलाच का जातं, आयोजकांना दुसरं शहर माहीत नाही का?

मी वीसेक वर्षं प्रदर्शनांच्या मांडणीचं आणि मालवाहतुकीचं काम केलं. जवळपास तेवढीच वर्षं शनिवार-रविवार टेबलामागे उभं राहून जुनी बेसबॉल कार्डं विकली. हॉलची पुढची बाजू आणि मागची बाजू दोन्ही पाहिल्यात, म्हणून उत्तर लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

आधी तो "मध्यवर्ती" शब्द बाजूला ठेवू. २०२० च्या जनगणनेप्रमाणे अमेरिकेच्या लोकसंख्येचा मध्यबिंदू मिसूरी राज्यातल्या हार्टव्हिल नावाच्या एका चिमुकल्या गावाजवळ पडतो. नकाशावर याहून मध्यवर्ती जागा नाही, आणि तिथे कार्ड-शो भरवायचं कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. तेव्हा खरा प्रश्न आहे तो कुणाला मध्यवर्ती, हा. तुमच्या शोला चार प्रकारची माणसं येणार: टेबल लावणारे डीलर, तिकीट काढून येणारे संग्राहक, कार्डं छापणाऱ्या आणि ग्रेडिंग करणाऱ्या (कार्डाची अवस्था तपासून दर्जा ठरवणाऱ्या) कंपन्या, आणि सह्या द्यायला येणारे खेळाडू. या चौघांची सोय एकाच शहरात क्वचितच होते. कंपन्यांना मोठा विमानतळ पुरतो, त्यांचा माल ट्रकने आधीच येऊन पडतो. खेळाडूला सकाळी येऊन रात्री घरी जाता आलं की झालं. संग्राहक पाठीवर एक बॅग टाकून कुठेही येतो, माल चांगला असेल तर.

आणि माल असतो डीलरकडे. शो कुणासाठी भरवायचा असं मला विचाराल, तर पहिल्या तीन वर्षांपुरता तरी तो डीलरसाठी भरवायचा. तुमच्या हातात सगळ्यात आधी पैसे त्याचे येतात, शो व्हायच्या वर्षभर आधी, बूथच्या भाड्याचे. तो आला नाही तर दारावर लावायला तुमच्याकडे काहीच नाही.

आता हा डीलर येतो कसा? ज्याच्याकडे फक्त स्लॅब आहेत, म्हणजे ग्रेड करून प्लास्टिकच्या डबीत बंद केलेली कार्डं, तो दोन सुटकेसमध्ये लाखो डॉलरचा माल घेऊन विमानाने येऊ शकतो. पण मोठ्या शोला जी गंमत असते, खोक्यांमध्ये हात घालून तासन् तास शोधाशोध करण्याची, ती आणणारा डीलर व्हॅन घेऊन येतो. पाच हजार कार्डांचा खोका साधारण नऊ किलो भरतो. असे चाळीस खोके, चार काचेच्या शोकेस, दिवे, टेबलक्लॉथ, खुर्च्या. हे विमानात बसत नाही. हा माणूस स्वतः गाडी चालवतो, सोबत मेहुणा नाहीतर मुलगा असतो, आणि एका दमात दहा-बारा तासांच्या पलीकडे तो जात नाही. जुन्या मालाचे डीलर ईशान्येकडची राज्यं आणि मिडवेस्ट या पट्ट्यात दाट आहेत. न्यूयॉर्कपासून क्लीव्हलंड साधारण साडेचारशे मैल, शिकागो आठशेच्या आसपास, लास व्हेगास अडीच हजार. या तीन आकड्यांत तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे.

उरलेलं अर्धं लोडिंग डॉकवर, म्हणजे हॉलमागच्या माल उतरवायच्या धक्क्यावर आहे, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण नवे आयोजक हमखास इथेच मार खातात. हॉल बघायला गेलात की विक्री विभागाची माणसं तुम्हाला पुढच्या दाराने नेतात. काचेची लॉबी, सरकते जिने, उंच छत, कॉफी. तुम्ही म्हणायचं, छान आहे, आता मागे चला. मागे गेल्यावर मोजायचं: ट्रक लागायची दारं किती, त्याखेरीज व्हॅन थेट आत नेता येईल असा उतार आहे का, वाट बघणाऱ्या गाड्या उभ्या करायला आवार किती. ट्रकच्या उंचीची दारं कंपन्यांच्या कामाची. तुमच्या डीलरची व्हॅन त्या दारापेक्षा तीन-चार फूट खाली असते, त्याला उतारच लागतो.

मग विचारायचं की माल आत न्यायचा हक्क कुणाचा. अमेरिकेतल्या बऱ्याच हॉलमध्ये डॉकपासून बूथपर्यंत माल हलवण्याचं काम ठरलेल्या ठेकेदाराचं आणि युनियनच्या कामगारांचं असतं. त्याचा दर शंभर पौंडांमागे लागतो, तो शंभर डॉलरच्या वर सहज जातो, आणि बहुतेक ठिकाणी किमान वजन दोनशे पौंड धरतात. यंत्रसामग्री विकणाऱ्या कंपनीला हा खर्च किरकोळ. एक-एक डॉलरची कार्डं विकणाऱ्याचं मात्र यात दिवाळं निघतं. म्हणून "स्वतः उचलून नेण्याची मुभा" या कलमाचा शब्दन् शब्द वाचायचा. हातात उचलून नेता येईल तेवढंच, की चाकांची ढकलगाडी चालेल? स्वतःची गाडी डॉकवर उभी करता येईल की पार्किंगमधून चालत यायचं? किती मिनिटं?

मी हे पोथी वाचून सांगत नाही. एका हॉलमध्ये, नाव घेत नाही, मी पहाटे साडेतीनला रांगेत व्हॅन लावली होती. सातला नंबर आला. माझ्याकडे दोन चाकांची साधी ट्रॉली होती. गणवेशातला माणूस म्हणाला, चाकं चालणार नाहीत, हातात न्या. अठरा खोके म्हणजे दीडशे किलोच्या वर माल, आणि बूथ हॉलच्या दुसऱ्या टोकाला. सहावी फेरी मारताना शेजारच्या बूथवाल्याने दमून आपली शोकेस जरा टेकवली ती नेमकी कडेवर, आणि काच कोपऱ्यातून कोपऱ्यात तडकली. त्याने पुढचे चार दिवस त्या काचेवर चिकटपट्टी लावून धंदा केला. पुढच्या वर्षी तो आला नाही, मीही गेलो नाही. शहर सुंदर होतं, गर्दीही चांगली होती.

या बाबतीत शहरांमध्ये खूप फरक पडतो आणि तो बदलतही असतो. शिकागोच्या मॅककॉर्मिक प्लेस या मोठ्या हॉलमधल्या कामगार-नियमांची इतकी ओरड झाली की २०१० मध्ये इलिनॉयच्या विधिमंडळाला कायदा करून प्रदर्शकांना बूथमधलं बरंचसं काम स्वतः करायची मुभा द्यावी लागली. तेव्हा "तिकडे युनियन फार कडक आहे" असली ऐकीव माहिती धरून बसू नका, हॉलकडून चालू नियमावली लेखी मागवा. आणि हो, तुम्ही यादीत "शिकागो" लिहिलंय त्याचे दोन अर्थ होतात. मॅककॉर्मिक प्लेस शहरात, मिशिगन सरोवराकाठी. रोझमाँट हे शिकागो नाहीच. ते ओहेअर विमानतळाला चिकटलेलं, जेमतेम चार हजार वस्तीचं वेगळं गाव आहे आणि तिथलं डोनाल्ड ई. स्टीफन्स कन्व्हेन्शन सेंटर त्या गावाच्याच मालकीचं आहे.

आता जागेचा हिशेब. दहा बाय दहा फुटांचा एक बूथ म्हणजे शंभर चौरस फूट. हजार बूथ म्हणजे एक लाख. आमच्या धंद्यात ढोबळमानाने त्याच्या दुप्पट जागा धरतात, कारण दोन रांगांमधली वाट निदान दहा फुटी ठेवावी लागते आणि आडव्या वाटा वेगळ्या. अग्निशमन विभाग नकाशा मंजूर करतो तेव्हा या वाटा टेपने मोजतो, आणि कार्ड-शोला दहा फूटही कमीच पडतात, कारण लोक चालत नाहीत, टेबलाशी वाकून उभे राहतात. झाले दोन लाख. कंपन्यांचे मोठे स्टॉल, सह्यांचा विभाग, ग्रेडिंगसाठी कार्डं घेण्याचे काउंटर, इंटरनेटवर लाइव्ह कार्डांची पाकिटं फोडणारे ब्रेकर, लोकांनी आपापसात देवाणघेवाण करायला मोकळी टेबलं हे धरलं की तीन लाख.

रांग बहुतेकजण विसरतात. दार उघडायच्या आधी पाच हजार माणसं जमली, माणशी सहा-सात चौरस फूट धरले, तर तीस-पस्तीस हजार चौरस फूट नुसतं उभं राहायला लागतात, आणि जुलैत ते छताखाली लागतात. रोझमाँटला आठ लाख चाळीस हजार चौरस फूट जागा आहे, अटलांटिक सिटीच्या हॉलमध्ये पाच लाखांच्या आसपास. दोन्हीकडे तुम्ही बसता. पण उरलेल्या जागेत त्याच आठवड्यात दुसरं कुठलं प्रदर्शन आहे ते विचारा, कारण डॉक आणि पार्किंग दोघांना मिळून वापरावं लागतं.

एक बारीक गोष्ट, जी करारात शेवटच्या पानावर असते. बरेच हॉल मांडणीच्या आणि आवराआवरीच्या दिवशी वातानुकूलन बंद ठेवतात. हवं असेल तर तासाचे पैसे वेगळे. डॉकची दारं सताड उघडी, बाहेर पावसाळी दमट हवा, आणि आत तुम्ही क्रोम कार्डं शोकेसमध्ये मांडताय. क्रोम किंवा फॉइलच्या कार्डाला दोन थर असतात, कागद ओलावा ओढतो आणि वरचा चकचकीत थर ओढत नाही, त्यामुळे कार्ड कमानीसारखं वाकतं. एका मंगळवारी दुपारी मी शेजारच्या टेबलावर पंधरा-वीस नवी कार्डं ओळीने वाकलेली पाहिली, पापड सुकत घातल्यासारखी. तो बिचारा प्रत्येकावर जाड पुस्तक ठेवत होता. करारात मांडणीच्या दिवसाची हवा पैसे देऊन घ्या आणि ती डीलरना आधी सांगा. याची जाहिरात होते.

हॉटेलांचा विषय कोरडा वाटतो, पण बुडण्याची शक्यता सर्वात जास्त तिथेच. शहराची पर्यटन यंत्रणा तुम्हाला हॉलच्या भाड्यात सूट देते ती तुमच्या प्रेमापोटी देत नाही. तुमची माणसं किती खोल्या किती रात्री भरतील यावर ती ठरते. त्यासाठी हॉटेलांशी खोल्यांचा करार होतो आणि त्यात एक अट असते: ठरवलेल्या खोल्यांपैकी, समजा, ऐंशी टक्के भरल्याच पाहिजेत, कमी पडल्या तर फरक आयोजकाने भरायचा. समजा तुम्ही ८०० खोल्या चार रात्रींसाठी घेतल्या. झाल्या ३,२०० खोली-रात्री. ऐंशी टक्के म्हणजे २,५६०. प्रत्यक्षात भरल्या २,०००. कमी पडलेल्या ५६० रात्री, रात्रीला १८० डॉलर धरले तर १,००,८०० डॉलर तुमच्या खिशातून. आणि कार्डवाल्यांची जात तुम्हाला माहीत आहे. एका खोलीत तिघे झोपतील, नाहीतर आठ मैलांवरच्या मोटेलमध्ये वीस डॉलर वाचवायला जातील. पहिल्या वर्षी खोल्यांचा ब्लॉक लहान घ्या, सूट कमी मिळाली तरी चालेल.

मात्र हॉटेल जोडलेलं असणं, म्हणजे हॉलमधून छताखालून चालत हॉटेलात जाता येणं, याला मी दराइतकंच महत्त्व देतो. एक कारण सुरक्षा. हॉलमध्ये पहारा असतो. चोऱ्या होतात त्या बहुतेक बाहेर, पार्किंगमध्ये, जेवायला थांबलं असताना गाडीतून. ज्याच्या बॅगेत घर विकत घेता येईल एवढ्या किमतीची कार्डं आहेत, त्याला संध्याकाळी अंधारात दहा मिनिटं चालायला लावू नका. दुसरं कारण लॉबी. हॉल सहाला बंद होतो आणि खरी देवाणघेवाण लॉबीत आठला सुरू होते. जमिनीवर बसलेली शाळकरी पोरं, कडेला जुने खेळाडू, मध्ये रात्री बारापर्यंत चाललेली घासाघीस. ज्या शोला अशी लॉबी नसते तो शो सहाला मरतो.

कर आणि कायद्यांवर जास्त वेळ घालवत नाही, पण राज्य बदललं की कागद बदलतात हे धरून चला. ओहायोत बाहेरून आलेल्या विक्रेत्याला तात्पुरत्या विक्रीचा परवाना घ्यावा लागतो. इलिनॉयमध्ये अशा कार्यक्रमांतल्या विक्रेत्यांसाठी विक्रीकराचा वेगळा फॉर्म आहे. न्यू जर्सीत विक्रीकर ६.६२५ टक्के, टेक्सासच्या मोठ्या शहरांत ८.२५. कॅलिफोर्नियात प्रत्येक विक्रेत्याकडे परवाना असल्याचा लेखी पुरावा गोळा करायची जबाबदारी आयोजकावर येते.

कॅलिफोर्निया तुमच्या यादीत नाही, पण कुणीतरी सुचवेलच, म्हणून आणखी एक. तिथे सह्या केलेल्या वस्तूंच्या विक्रीसाठी खरेपणाच्या प्रमाणपत्राचा कायदा आहे. २०१७ च्या सुरुवातीपासून तो पाच डॉलरपासूनच्या सगळ्या सही केलेल्या वस्तूंना लागू झाला, आणि चूक झाली तर नुकसानीच्या दहापट दंड. पुस्तकविक्रेत्यांसकट सगळ्यांनी बोंब मारल्यावर त्याच वर्षी दुरुस्ती होऊन मर्यादा पन्नास डॉलरवर नेली. सह्यांचा मोठा विभाग ठेवणार असाल तर तिथे आधी वकील गाठा. दहा हजार डॉलरवरच्या रोख व्यवहाराचा ८३०० क्रमांकाचा फॉर्म केंद्र सरकारचा, तो कुठल्याही शहरात भरावाच लागतो, त्यावरून शहर ठरत नाही.

तारखेचं म्हणाल तर शहर आणि तारीख वेगवेगळी ठरतच नाहीत. हॉल तुम्हाला "पहिला हक्क" किंवा "दुसरा हक्क" असं सांगून तारखा धरून ठेवतो. नव्या आयोजकाला बहुधा दुसरा मिळतो, म्हणजे पहिल्याने सोडली तर तुमची. नॅशनल जुलैअखेर असतं कारण शाळांना सुट्टी असते, आणि उन्हाळ्यात कंपन्यांचे दौरे मंदावल्यामुळे विमानतळाजवळच्या हॉटेलांचे दर उतरलेले असतात. समुद्रकाठच्या अटलांटिक सिटीत हे उलटं, तिथे जुलै म्हणजे भर हंगाम. शिवाय जुलैअखेर बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमचा सोहळा न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउनला असतो आणि ऑगस्टच्या सुरुवातीला अमेरिकन फुटबॉलचा ओहायोतल्या कँटनला. मोठे निवृत्त खेळाडू त्या दोन आठवड्यांत तिकडे गुंतलेले असतात. तारीख नेमकी त्यावर आदळली तर सह्यांचं वेळापत्रक कोलमडतं. दोन-तीन दिवस इकडे-तिकडे ठेवली तर तेच खेळाडू जाता-येता तुमच्याकडे थांबू शकतात. तुमचा शो पोकेमॉन आणि नव्या मालाचा असेल तर हा सगळा परिच्छेद विसरा.

आता तुमची चार नावं, माझ्या मताने.

अटलांटिक सिटी: हॉल चांगला, शेजारी जोडलेलं हॉटेल आहे, रेल्वे स्टेशन त्याच इमारतीला लागून. पूर्वेकडच्या डीलरना सोयीचं. पण विमानतळाचं म्हणाल तर नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. नावात "आंतरराष्ट्रीय" आहे, विमानं मोजकी. बाकी सगळे साठ मैलांवरच्या फिलाडेल्फियाला उतरतात. आणि कॅसिनोच्या गावात शनिवारी रात्रीचा खोलीचा दर बुधवारच्या दराशी सोयरीक सांगत नाही.

लास व्हेगास: दीड लाखाच्या घरात हॉटेलच्या खोल्या, उत्तम विमानतळ, २०२१ मध्ये उघडलेला नवा वेस्ट हॉल. कागदावर सगळ्यात सरस. पण जुलैत पारा चाळीस अंशांच्या वर असतो. बंद गाडीत राहिलेले टॉपलोडर (कार्ड ठेवायची कडक प्लास्टिकची पाकिटं) वाकतात, जुन्या मेणकागदी पाकिटांचं मेण पाघळून कार्डाला लागतं आणि त्या पाकिटाची किंमत तिथल्या तिथे कोसळते. पूर्वेकडचा व्हॅनवाला येत नाही. आणि गिऱ्हाईक दुपारी दोनला हॉलमधून निघून जातं, कारण बाहेर त्याचे पैसे खर्च करायला अख्खं शहर टपलेलं असतं. मात्र तुमचा भर नवी कार्डं, ब्रेकर आणि पश्चिमेकडचे डीलर यांवर असेल, तर मार्चमधलं लास व्हेगास मी गंभीरपणे घेईन. फक्त इंटरनेटच्या तारेचा दर आधी काढा. हॉलमध्ये ते पुरवायचा मक्ता एकाचाच असतो आणि लाइव्ह दाखवणारे तीस ब्रेकर मोबाइलच्या सिग्नलवर चालत नाहीत.

डॅलस: विमानांच्या दृष्टीने फार सोयीचं, बेकेट ही ग्रेडिंग कंपनी त्याच भागातली, संग्राहक भरपूर. अडचण दोन. त्या परिसरात मोठे कार्ड-शो वर्षभर सतत होत असतात, तिथल्या माणसाला तुमच्याकडे वेगळं काय मिळणार ते सांगावं लागेल. आणि डाउनटाउनचं के बेली हचिसन कन्व्हेन्शन सेंटर नव्याने बांधायचा मोठा प्रकल्प सुरू आहे. बांधकामाच्या मध्ये तारखा अडकवू नका, "तोपर्यंत होईल" हे हॉलवाल्याचं वाक्य मी बऱ्याचदा ऐकलंय.

राहिलं रोझमाँट, आणि तुमचा टोमणा. नॅशनल १९८० मध्ये लॉस अँजेलिसला विमानतळाजवळच्या एका हॉटेलात सुरू झालं आणि पुढे खूप फिरलं. २००६ ला अनाहाइमला होतं. त्यानंतर मात्र क्लीव्हलंड, बाल्टिमोर, अटलांटिक सिटी असं पूर्वेकडच्या अर्ध्यातच राहिलं, आणि २०११ पासून २०२५ पर्यंत प्रत्येक विषम वर्षी रोझमाँटला. आयोजकांना नकाशा वाचता येत नाही म्हणून नव्हे. ओहेअरपासून पाच मिनिटं, हॉटेलं पुलांनी जोडलेली, मेट्रोचं स्टेशन चालत, हॉल गावाच्याच मालकीचा, आणि आठशे मैलांच्या आत जुन्या मालाचे बहुतेक डीलर.

क्लीव्हलंडचा आय-एक्स सेंटर मला मनापासून आवडतो. १९४२ मध्ये बॉम्बर विमानांचे भाग बनवायला बांधलेला कारखाना तो, सगळं एका पातळीवर, व्हॅन आत न्यायला स्वर्ग. पण चालत जाता येईल अशी हॉटेलं जवळपास नाहीत, त्यामुळे रात्रीची लॉबी विखुरते. तिथल्या शोनंतर डीलर खूश आणि पोरं नाराज असं मी स्वतः पाहिलंय. शिवाय कोविडच्या वर्षी, २०२० मध्ये, तो हॉल कायमचा बंद होणार असं जाहीर झालं होतं, मग नव्या चालकाकडे जाऊन पुन्हा उघडला. त्याच वर्षी अटलांटिक सिटीला ठरलेलं नॅशनल रद्द झालं आणि २०२१ ला ते रोझमाँटला परतलं. म्हणून करारात दोन गोष्टी वकिलाकडून घालून घ्या: सरकारी आदेशाने शो थांबला तर अनामत परत, आणि हॉल विकला किंवा बंद झाला तर काय.

थोडक्यात माझा क्रम असा: आधी तुमचे पहिले तीनशे डीलर कुठे राहतात ते पिनकोडवार मांडा. त्यातल्या बहुतेकांना बारा तासांत गाडीने गाठता येतील असे चार-पाच हॉल काढा. मग डॉक, मग जोडलेलं हॉटेल, मग तारीख, मग कर. हे सगळं झाल्यावर शहराचं नाव काय आहे ते बघा. तुमच्या पत्रावरून तुमचे डीलर मुख्यतः पेनसिल्व्हेनिया, ओहायो आणि इंडियानाचे दिसतात. तसं असेल तर व्हेगास आणि डॅलस मी आजच खोडेन, अटलांटिक सिटी उन्हाळा सोडून विचारात घेईन, आणि रोझमाँटला जुलै सोडून कुठली तारीख मिळते ते विचारेन. नॅशनलच्या सावलीत सहा आठवडे पुढे-मागे दुसरा मोठा शो तिथे जगत नाही. नोव्हेंबर किंवा मार्च बरा.

आणि हजारावर एकदम उडी नको. त्याच हॉलचा एक भाग घेऊन चारशे बूथ करा, करारात पुढच्या दोन वर्षांच्या तारखांवर पहिला हक्क मागा. चारशे बूथना डॉकवर किती वेळ लागला ते घड्याळ लावून मोजा, तोच आकडा अडीचपट करून पुढचा बेत आखा.

सही करायच्या आधी एकदा त्या हॉलमध्ये दुसऱ्या कुणाच्या तरी शोला जा, आणि जायचं ते रविवारी संध्याकाळी चारनंतर, आवराआवरीच्या वेळी. मागच्या आवारात उभे राहा. व्हॅनची रांग कुठपर्यंत गेलीय ते बघा, आणि शेवटच्या गाडीतल्या माणसाला विचारा की पुढच्या वर्षी टेबल घेतलंय का. मला कळवा तो काय म्हणाला.